गिअरची नवी मूठ

पंचवटीतल्या एका गल्लीत मी आमची झेंडूनं भरलेली व्हॅन पंधरा-वीस माणसांकडून मागे ढकलून घेतली, तेव्हा तिचा रिव्हर्स गिअर अगदी ठणठणीत होता.

एवढी सगळी माणसं घामाघूम होत होती आणि मी आत बसून "अजून थोडं, दादा, अजून थोडं!" म्हणत होते. हसताय ना? हसा. आमच्या घरात तर दर दसऱ्याला हसतात.

आमची मखमलाबादकडं थोडी शेती आहे. झेंडू, शेवंती, कडेनं मेथी-कोथिंबीर. झेंडूचा खरा दिवस एकच, दसरा. त्या दिवशी सकाळी गंगेवर (म्हणजे गोदावरीवर, पण नाशिककराला गोदावरी म्हणायला सांगितलं तर त्याला परकं वाटतं) माल पोचला तर सोनं, आणि दुपार झाली की तोच माल म्हशीपुढं. त्या वर्षी मळा असा फुलला होता की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून फोटो काढत होती. आणि नेमके तेव्हाच आमचे हे शेडच्या पत्र्यावरून पाय घसरून खाली आले. पाय मोडला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर!

टेम्पो मिळेना. दसऱ्याला टेम्पो मिळणं म्हणजे लग्नसराईत बँडवाला मिळण्यासारखं. हे पडवीत खाटेवर पडून एकेकाला फोन लावत होते आणि दर फोननंतर त्यांचा चेहरा आणखी उतरत होता. शेवटी मी म्हणाले,

"अहो, मी नेते की व्हॅन."

"तू?"

"मग काय, म्हैस नेणार आहे का? लायसन आहे माझ्याकडं."

"अगं, लायसन आहे, पण तू मळ्यापासून चौफुलीपर्यंतच तर चालवतेस. दसऱ्याची गर्दी बघितलीस का?"

सासूबाई पलीकडं वाती वळत बसल्या होत्या. त्यांना आम्ही सगळे नानी म्हणतो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे रे तिला. मी बसते संगं." नानी संगं बसल्यावर काय बदलणार होतं कोण जाणे, कारण नानींना सायकलसुद्धा येत नाही. पण ह्यांचा विरोध तिथंच संपला.

इथपर्यंत सगळं छान होतं. घोळ घातला तो खंडेनवमीनं. म्हणजे खंडेनवमीनं नाही, मीच. पण सुरुवात तिच्यापासून झाली.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी अवजारं धुऊन पुजायची पद्धत. खुरपी, विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, इलेक्ट्रिक मोटर, व्हॅन. आणि नानींचा एक कडक नियम आहे, फुटकं अवजार पुजायचं नाही. आधी दुरुस्त करायचं, मग कुंकू लावायचं. त्यामुळं आदल्या दिवशी मी कुऱ्हाडीचा दांडा बदलला, दोन खुरप्यांच्या मुठी बदलल्या आणि अंगात संचारल्यासारखी व्हॅन धुवायला घेतली. आत बसले आणि गिअरवर हात ठेवला. ई!

ती कंपनीची मूळची मूठ म्हणजे घराला लागलेला कलंक होती. वरचं काळं रबर उन्हानं पाघळून हाताला चिकटायचं. ह्यांनी तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. गिअरचं चित्र केव्हाच पुसून गेलेलं. मी गाडी शिकले तीच त्या गुळगुळीत मुठीवर. हे पडीक वावरात शेजारी बसून ओरडायचे, "रिव्हर्स! आपल्याकडं ओढ, खाली पाड! आपल्याकडं ओढ, खाली पाड!" बघायला काही नव्हतंच, म्हणून मी न बघता टाकायचे. दर वेळी गाडीतून उतरले की डावा तळहात काळाकुट्ट.

"नानी, ही मूठ फुटकी. ही पुजायची नाही. बदलते."

"बदल बाई. पण नव्या मुठीनं हाताला चार दिस फोड येत्यात, ध्यानात ठेव."

"ते खुरप्याचं, नानी. ही गाडी आहे."

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं काचेच्या कपाटातून अशी एक मूठ काढली की मी खल्लास! चकचकीत, जड, हातात गार, आणि वर लाल अक्षरांत गिअरचा अख्खा नकाशा छापलेला.

"भाऊ, पण ह्याच्यावर सहा गिअर दिसतायत. आमच्या व्हॅनला पाचच आहेत."

"मॅडम, एक एक्स्ट्राच आहे ना? कमी तर नाही ना! युनिव्हर्सल पीस आहे, कुठल्याही गाडीला बसतो."

मला ते पटलं. (आता विचार केला की स्वतःच्या डोक्यात मारून घ्यावंसं वाटतं, पण त्या वेळी अगदी पटलं.) मी बी.ए. झालेली बाई. छापलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास. बियाण्याच्या पाकिटावरच्या, कुकरच्या खोक्यातल्या, खोकल्याच्या बाटलीवरच्या सगळ्या सूचना मी वाचते. आमच्या घरात एवढं वाचणारं दुसरं कोणी नाही, आणि हे मी सगळ्यांना अधूनमधून ऐकवतही असते.

घरी येऊन ह्यांच्या नकळत, गोठ्यामागं व्हॅन उभी होती तिथंच, मूठ बसवली. पूजेच्या वेळी एकदम दाखवायची म्हणून गुपचूप. जुनी पिळून काढली, नवी पिळायला गेले तर ती गोल गोल फिरतेय, घट्टच होईना. मग मी आमचा नेहमीचा उपाय केला. दांड्याला माळा ओवायचा दोरा गुंडाळला आणि वरून मूठ दाबून फिरवली. बसली की पक्की! फुलवाल्यांच्या घरात दोऱ्यानं न होणारं काम नाही. पायजम्याच्या नाडीपासून नळाच्या गळतीपर्यंत आम्ही सगळं त्यावरच निभावतो.

जुनी मूठ नानींनी उचलली. "टाकायची न्हाय. इतकी वर्षं राबली ती," म्हणून धुऊन पुसून देवघरात खुरप्यांच्या रांगेत ठेवली. मी म्हटलं ठेवा.

आता ट्रायल. व्हॅन मागं घेऊन अंगणात आणायची होती. नव्या मुठीवर स्पष्ट छापलेलं, रिव्हर्स सगळ्यात डावीकडं, वर. पहिल्या गिअरच्याही डावीकडं. मी डावीकडं रेटली, वर ढकलली, मान वळवून ऐटीत मागं बघितलं आणि क्लच सोडला.

व्हॅन पुढं गेली. धाड! समोर म्हशीचा हौद होता.

"काय झालं गं?" पडवीतून ह्यांचा आवाज.

"काय न्हाय रे, म्हस धडकली हौदाला!" नानी. म्हैस बिचारी तिकडं रवंथ करत उभी.

मी परत प्रयत्न केला. आणखी डावीकडं रेटली, अगदी जीव खाऊन. कितीही रेटलं तरी ती पहिल्यातच जायची. पुन्हा धाड.

"आता काय झालं?"

"तीच म्हस!"

ह्यांचं ते "आपल्याकडं ओढ, खाली पाड" मला आठवलं नाही असं नाही. आठवलं! पण मी मुठीकडं बघितलं, तर आपल्याकडं ओढून खाली पाडलं की काय येत होतं? सहावा! उभ्या गाडीला सहावा गिअर टाकते की काय मी? इंजिनाचा भुगा झाला असता! आणि मूठ बदलली तर गिअरची जागा बदलणारच, टीव्हीचा रिमोट बदलला की नाही का बटणं इकडची तिकडं होत? एवढं सगळं शास्त्र लावून मी निष्कर्ष काढला, मूठ पिळताना माझ्या हातून रिव्हर्स मोडला.

मी सीटवर बसूनच रडायला लागले. "नानी, मी गाडीची वाट लावली. आता ह्यांना काय सांगू?"

नानी दाराशी आल्या. पदरानं माझं तोंड पुसलं, आणि हळूच म्हणाल्या, "त्याला काय बी सांगू नको. झोपायचा न्हाय तो, आन तुला जाऊ बी द्यायचा न्हाय. मळ्यातली फुलं काय म्हणत्याल? पुढं जाती ना गाडी?"

"पुढं जाते."

"मग बास. बाजार पुढंच हाय."

दुसऱ्या कोणाची सासू असती तर सुनेच्या सात पिढ्या निघाल्या असत्या. माझी सासू त्या दिवशी माझ्यासाठी पोटच्या लेकाशी खोटं बोलली, तेही म्हशीच्या नावावर. ते आठवलं की अजून माझे डोळे भरतात.

व्हॅन मग आम्ही दोघींनी हातभर मागं ढकलली आणि मी ती हौदाला वळसा घालून, मेथीच्या एका वाफ्यावरून काढली. (मेथीचा प्रश्न नंतर निघाला. तोही म्हशीवर गेला.)

दसऱ्याला पहाटे निघालो. मागं झेंडूचे क्रेट टपापर्यंत, पुढं नानी, नानींच्या मांडीवर शेवंतीची पाटी, पायाशी आपट्याच्या पानांचं गाठोडं. मी मनात एकच घोकत होते, जिथून पुढं बाहेर पडता येत नाही तिथं शिरायचंच नाही. हे ऐकायला सोपं आहे. दसऱ्याच्या सकाळी पंचवटीत करून बघा!

गाडी लावायला जागा दिसायची, पण तिथून निघताना रिव्हर्स लागणार. म्हणून पुढं. पुन्हा जागा, पुन्हा पुढं. एक फेरी झाली, दोन झाल्या. गिऱ्हाईकं पिशव्या घेऊन व्हॅनच्या बाजूनं पळायला लागली.

"ओ ताई, झेंडू कसा दिला?"

"थांबल्यावर सांगते!"

"मग थांबा की!"

"तेच तर जमत नाहीये, दादा!"

नानींनी खिडकीतूनच विक्री सुरू केली. एका बाईनं पैसे दिले आणि तिची फुलं हातात पडेपर्यंत आम्ही पुढच्या वळणावर! बिचारी पुढच्या फेरीला तिथंच उभी होती, तेव्हा दिली. तिसऱ्या फेरीला चौकातल्या हवालदारानं हात केला.

"ताई, प्रदक्षिणा घालताय का?"

"नाही हो साहेब, जागा शोधतेय."

"शिरा त्या गल्लीत. पलीकडून बाहेर पडाल."

पलीकडून बाहेर पडाल! मला तर देवच भेटला. मी गल्लीत घातली. गल्ली नदीकडं उतरती, अरुंद, दोन्ही बाजूंनी घरं, दारोदार ओल्या रांगोळ्या. निम्म्यात पोचले आणि पलीकडून एक टेम्पो आत आला. सटाण्याचा, शेवंतीनं गच्च भरलेला. आमचे बंपर एकमेकांना नमस्कार करण्याइतके जवळ आले.

टेम्पोवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "ओ ताई, जराशी मांगे ल्या ना! मन्ही गाडी भरेल शे!"

"माझीही भरलेली आहे, भाऊ. तुम्ही घ्या ना मागं!"

"मन्हा मांगे दोन गाड्या शेतस!"

खरंच त्याच्या मागं दोन गाड्या हॉर्न वाजवत उभ्या होत्या. माझ्या मागं कोणी नव्हतं. अख्खी गल्ली मोकळी. मी मुकाट खाली मुठीकडं बघितलं, आणखी डावीकडं रेटली, आणि व्हॅन टेम्पोच्या दिशेनं चांगली वीतभर पुढं सरकली.

"ओ ताई, काय करी राह्यनात?"

"भाऊ, माझा रिव्हर्स गेलाय हो!"

"रिव्हर्स नही शे? मंग बजारमा लई उनात कसाले?"

बाजारात आणलीच कशाला, हे त्याला काय सांगू? ऊन चढत होतं, क्रेटमधला झेंडू मलूल व्हायला लागला होता, घरी हे फोन हातात धरून पडले असतील. वर्षाचं पीक माझ्या पाठीशी आणि मी बाटलीत अडकलेल्या बुचासारखी गल्लीत! मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

नानी मात्र शेवंतीची पाटी बाजूला ठेवून खाली उतरल्या. गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मळ्यात बाया बोलवतात त्या आवाजात म्हणाल्या, "ओ लेकांनो! माझी सून पहिल्यांदा बाजारला आली हाय. गाडी मागं जाईना. हात लावता का?"

आणि खरं सांगते, दारं उघडली! बनियनवर दात घासणारे एक काका ब्रश तोंडात ठेवून आले. जिममध्ये जाणारी दोन पोरं आली, एक पुजारी बाबा सोवळं आवरत आले, टेम्पोवाला माणसं मावण्यापुरती आपली गाडी मागं सरकवून आला, त्याच्या मागच्या गाड्यांतले लोक शिव्या देत उतरले आणि शिव्या देतच हात लावायला आले. एका ताईंनी फक्त अट घातली, "ढकला, पण माझ्या रांगोळीवरून न्यायची नाही. पहाटेपासून काढतेय." मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, रांगोळी दोन्ही चाकांच्या मध्ये घ्यायची.

मी न्यूट्रल केलं. ब्रेक नीट लागावा म्हणून इंजिन चालू ठेवलं. नानी मागं गल्लीच्या तोंडाशी कडेला जाऊन उभ्या राहिल्या, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायला.

"बोला, सप्तशृंगी माते की…"

"जय!"

व्हॅन बोटभर चढली आणि परत खाली आली. चढ होता ना! दुसऱ्यांदा, जय! पुन्हा तेच. ब्रशवाले काका लाल झाले होते, पुजारी बाबांना धाप लागली होती. मला इतकी शरम वाटली की मी ती मूठ घट्ट आवळून धरली. आणि मूठ माझ्या हातात आली.

म्हणजे निघूनच आली! माळेचा दोरा लोंबतोय, मुठीत लाल अक्षरांचा नकाशा, आणि खाली नुसता लोखंडी दांडा.

"तिसऱ्यांदा! बोला, सप्तशृंगी माते की…"

आता वाचायला काही नव्हतं. मी मूठ मांडीवर टाकली, दांडा धरला आणि डोळे मिटले. कानात एकदम पडीक वावरातला ह्यांचा आवाज आला, आणि हातानं मला न विचारता दांडा आपल्याकडं ओढला, खाली पाडला. पाय क्लचवरून सुटला.

"जय!!"

व्हॅन सुसाट मागं निघाली! रांगोळी चाकांच्या मधोमध अगदी सुखरूप! मी चढ चढून थेट गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबले. समोर बघते तर सगळी माणसं हात पुढं करून तशीच हवेत झुकलेली, आणि मग एकावर एक खाली. ब्रशवाले काका त्या रांगोळीत बसलेले!

मग एक पोरगा ओरडला, "आयला, काय जोर लावला राव आपण!"

आणि जो जल्लोष झाला! काका पाठीमागं रांगोळी घेऊन उठले आणि दंड थोपटत म्हणाले, "तालमीतलं शरीर आहे हे. उगाच नाही!" पुजारी बाबा म्हणाले, "जगदंबेची कृपा." टेम्पोवाला मला म्हणाला, "ताई, देखा, चढवर चढाई दिनी!"

मी तोंड उघडलं, सांगणारच होते. तेवढ्यात नानी व्हॅनच्या मागून आल्या, शेजारी बसल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "गाडी मागं घेताना लागत्यात ते पांढरे दिवे लागले व्हते गं."

"नानी! मग सांगा ना त्यांना!"

"खुळी का काय? एवढ्या माणसांनी दसऱ्याच्या दिवशी जोर लावला. त्यांचा आनंद कशापायी नासवायचा? गप बस."

टेम्पोला वाट देऊन व्हॅन तिथंच कडेला लावली आणि दुकान मांडलं. रांगोळीवाल्या ताईंना मी ओंजळ ओंजळ झेंडू दिला, त्यांनी मोडलेली रांगोळी पाकळ्यांनी भरली आणि पहिल्यापेक्षा सुंदर केली. ढकलणाऱ्या एकाकडूनही मी पैसे घेणार नव्हते, पण एकानंही फुकट नेलं नाही, उलट आपापल्या शेजाऱ्यांना बोलावून आणलं. "ह्या ताईंकडून घ्या, आम्ही ढकललंय ह्यांना!" दुपारच्या आत क्रेट रिकामे. त्या अनोळखी गल्लीनं माझा दसरा वाचवला आणि जाताना वर आपट्याची पानंही हातात ठेवली. इतकी माया मी कधी कमावली होती कोण जाणे.

घरी आले. ह्यांनी खाटेवरून रिकामी व्हॅन बघितली आणि त्यांचा चेहरा असा फुलला की सगळं भरून पावलं. मग मी सगळं सांगितलं. हौद, मेथी, रिमोट, सहावा गिअर. हे इतके हसले, इतके हसले की प्लास्टरमधल्या पायाला कळ लागली, तरी हसतच होते. मग नानींना म्हणाले, "देवघरातली जुनी मूठ आण बरं." कुंकवासकट ती चिकट, काळी, सायकलच्या ट्यूबवाली मूठ मी परत बसवली. नवी नानींनी काठीवर लावून घेतली. आता त्या सहा गिअरची काठी टेकत मळ्यात फिरतात. आणि मी कुठल्या खोक्यावरच्या सूचना वाचायला घेतल्या की हे पडवीतून ओरडतात, "अगं, वाचू नको! आपल्याकडं ओढ, खाली पाड!"

त्या गल्लीत आम्ही आता दर दसऱ्याला जातो. निघायची वेळ झाली की सगळे बाह्या सावरून हजर. मी कितीही म्हटलं तरी ऐकत नाहीत. "ताई, तुम्ही नुसतं बसा, आम्ही आहोत ना!" काका आता लेकालाही आणतात, हा जोर घराण्यात टिकला पाहिजे म्हणून. मग जयजयकार होतो, ते ढकलतात, आणि मी आत गुपचूप, अगदी अलगद, आपल्याकडं ओढते, खाली पाडते.

एवढ्यासाठीच आमच्या व्हॅनला दसऱ्याला पुढं एक माळ असते आणि मागं, पांढऱ्या दिव्यांवर, दोन जाडजूड. गल्लीतली माणसं म्हणतात, "बाई किती श्रद्धाळू! दिव्यांनासुद्धा हार घालते!"